मोळी टाकली, गळीत कुठे?

मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार करणाऱ्या तमाम मित्रांना माझी एक विनंती आहे. "हे फुकट आहे" हे वाक्य आजपासून बंद करा. निदान कोपरगावात तरी बंद करा. कारण आमच्याकडे सगळंच सॉफ्टवेअर फुकट आहे.

हसू नका, खरं सांगतोय. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. पीसी फॉरमॅट करून, विंडोज टाकून, वर ऑफिस, फोटोशॉप, कोरल आणि एक अँटिव्हायरस असं सगळं दोन-तीनशे रुपयांत करून देणारा माणूस सापडतोच. ते दोन-तीनशे रुपयेसुद्धा सॉफ्टवेअरचे नसतात, त्याच्या मेहनतीचे असतात. अशा गावात माइक हातात घेऊन तुम्ही सांगता की लिनक्स फुकट आहे. समोरचा मनात म्हणतो, मग माझं काय विकतचं आहे? आणि त्याचं बरोबर आहे. ज्या गोष्टीला त्याने आयुष्यात कधी पैसे मोजले नाहीत, तिचे पैसे वाचतील या आनंदाने तो कशाला उडी मारेल?

इंग्रजीत बिचाऱ्यांची अडचण आहे. त्यांच्या 'फ्री' या एकाच शब्दात पैसे न लागणं आणि बंधन नसणं दोन्ही कोंबलेलं आहे. त्यामुळे रिचर्ड स्टॉलमनने १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून हा घोळ निस्तरणं त्याच्या पाचवीला पुजलेलं आहे. आपल्याकडे 'मुक्त' वेगळा, 'फुकट' वेगळा. भाषेने एवढी सोय करून ठेवली असताना आपण इंग्रजीतला घोळ मुद्दाम आयात करतो, याला काय म्हणायचं? मुक्त म्हणजे काय, तर चार गोष्टींची मोकळीक. हव्या त्या कामाला वापरा, आत काय आहे ते बघून आपल्या गरजेप्रमाणे बदला, शेजाऱ्याला द्या, आणि बदललेलंही द्या. यात किंमत कुठेच आलेली नाही. हजार रुपयांना विकलं तरी ते मुक्तच राहतं. उलट चोरीचं विंडोज फुकट असूनही मुक्त नाही, कारण त्याच्या आत तुम्हाला डोकावता येत नाही आणि त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात असते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या गावात झालेला मेळावा. सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारच्या आसपास जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन साजरा करतात, २००४ पासूनची प्रथा आहे. त्या वर्षी तो शनिवार २० तारखेला आला, म्हणजे दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. पितृपंधरवड्यात लग्नं नसतात, त्यामुळे मंगल कार्यालय स्वस्तात मिळालं. आयोजकांची नावं लिहीत नाही. सगळी आपलीच पोरं आहेत, पदरचे पैसे घालून त्यांनी हे केलं आणि त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझं भांडण मेळाव्याच्या तऱ्हेशी आहे. ही तऱ्हा एकट्या कोपरगावची नाही, संगमनेर, श्रीरामपूर, सिन्नर, कुठेही गेलात तरी थोड्याफार फरकाने हेच दिसेल.

दीपप्रज्वलन झालं. शाल-श्रीफळ झालं. प्रास्ताविक झालं, वीस मिनिटं. पाहुणे पुण्याहून नगर-मनमाड रस्त्याचे धक्के खात आले होते (म्हणजे निष्ठेबद्दल प्रश्नच नको :-)). त्यांच्या स्लाइड्स इंग्रजीत, भाषण निम्मं इंग्रजीत. प्रोजेक्टरला जोडलेल्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' अशी पुसट सूचना दिवसभर झळकत होती आणि तिच्यावरच स्वातंत्र्याची चार कलमं दाखवली गेली. पुढे दोनेकशे कॉलेजची पोरं, बहुतेकांचा डोळा प्रमाणपत्रावर. यातही त्यांचा दोष नाही, प्लेसमेंटच्या अर्जात एक ओळ वाढते. मागे दहाबारा मोठी माणसं बसली होती. दोन शिक्षक, एक पतसंस्थेतले कारकून, एक आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा, आणि डीटीपीचं दुकान असलेले एक काका. समारोपाला सगळ्या पोरांना प्रमाणपत्र आणि पेंग्विनचं स्टिकर. गटाने फोटो. जय हिंद, जय महाराष्ट्र.

आमचा सगळा मुलूख उसाचा. कारखान्याच्या गव्हाणीत मोळी टाकायला पुढारी येतात, फोटो निघतो, पेढे वाटतात. पण त्या मोळीला अर्थ येतो तो नंतरच्या काही महिन्यांच्या गळितामुळे. फिटर, वेल्डर, शेतकी खात्याची माणसं, रात्रपाळीचे केमिस्ट, हे सगळे असतात म्हणून साखर पडते. आपल्या चळवळीत दर सप्टेंबरात वाजतगाजत मोळी पडते आणि गळीत हंगाम काही सुरू होत नाही.

आता त्या काकांबद्दल. खरं तर त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

प्रश्नोत्तरात पोरांनी विचारायचं ते विचारलं. लिनक्सवर अमुक गेम चालेल का, नोकरी मिळेल का. मग काका उठले. म्हणाले, "सर, माझ्याकडं पेजमेकरच्या फायली आहेत. दोन हजार दोनपासूनच्या. गावातल्या स्मरणिका, देवस्थानांच्या पुस्तिका, दोन साप्ताहिकांचे अंक, सगळं. जुना पीसी गेला, त्याचं डोंगलबी गेलं. हे तुमच्या लिनक्सवर उघडंल का?"

पाहुणे हसून म्हणाले, "काका, ते सगळं लेगसी झालं आता. तुम्ही युनिकोड वापरायला लागा, आणि पेजमेकरऐवजी स्क्रायबस घ्या. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला आठ दिवस लागतात." टाळ्या पडल्या. काका "बरं" म्हणून खाली बसले.

त्या सभागृहात मुक्त सॉफ्टवेअरची खरी गरज असलेला बहुधा तेवढा एकच माणूस होता, आणि त्याला आपण स्टिकर देऊन घरी पाठवलं.

जरा खोलात जाऊन बघू, कारण खरी मेख इथेच आहे. युनिकोड येण्याआधी, आणि आल्यानंतरही कितीतरी वर्षं, मराठी डीटीपी चालायची ती एका जुगाडावर. फाँट बनवणारे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. म्हणजे फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली, फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा. फाँट आहे तोवर 'श्री गणेशाय नमः' दिसतं. फाँट काढला की उरतात डॉलर, कंस आणि उलटीसुलटी रोमन अक्षरं. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एकीचा 'क' जिथे, तिथे दुसरीचा 'भ'. कित्येक फाँट डोंगलशिवाय चालायचेच नाहीत. डोंगल म्हणजे संगणकाच्या पाठीत खोचायची किल्ली. ती हरवली की तुम्ही स्वतः टाइप केलेला मजकूर तुम्हालाच वाचता येत नाही.

म्हणजे बघा, मजकूर कोपरगावचा, भाषा मराठी, टाइप करणारा कोपरगावचा, छपाईचे पैसे कोपरगावकरांच्या वर्गणीचे. आणि कुलूप मात्र तिसऱ्याचं. तो तिसरा वाईट होता असंही माझं म्हणणं नाही. त्या काळात मराठी पडद्यावर आणली ती अशाच कंपन्यांनी, आणि त्यात पुण्याच्या कंपन्या पुढे होत्या. पण कुलपाची किल्ली आपल्याकडे नसली की धंदा बदलतो, आवृत्ती बंद होते, पीसी मरतो, आणि वीस वर्षांचा गाव डिस्कवर असूनही नसल्यासारखा होतो. पेजमेकरचंच बघा. २००१ साली त्याची सातवी आवृत्ती आली, तीच शेवटची. ॲडोबी पुढे निघून गेली. आमची डीटीपीवाली मंडळी पुढची कैक वर्षं तिथेच उभी होती, कारण फाँट त्याच्याशी जुळलेले होते.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे काकांना सांगायला दुसरं उदाहरण कशाला शोधायचं? त्यांनी प्रश्न विचारला तेव्हाच ते सभागृहासमोर आलं होतं. आणि गंमत अशी की त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तयारही होतं. लिब्रेऑफिसच्या २०१५ च्या सुरुवातीला आलेल्या ४.४ आवृत्तीपासून त्यातल्या ड्रॉमध्ये पेजमेकरच्या फायली उघडतात. कोरलच्या फायली त्याच्याही आधीपासून. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेल्या लोकांच्या फायली सोडवायच्या म्हणून डॉक्युमेंट लिबरेशन नावाचा एक प्रकल्पच २०१४ मध्ये उभा राहिला. ज्यांनी कोपरगावचं नावही ऐकलेलं नाही अशा लोकांनी फायलींची आतली रचना चिकाटीने उकलून काढली आणि ती सगळ्यांसाठी खुली केली. पान जसंच्या तसं येत नाही, चौकटी सरकतात, पण मजकूर बाहेर येतो. पाहुण्यांना हे माहीत नसेल तर तेही चालेल. "काका, एक सीडी द्या, बघून सांगतो" एवढं म्हणायला काय लागत होतं?

उरलेलं अर्धं उत्तर मात्र आपल्यालाच लिहावं लागणार. बाहेर आलेला मजकूर फाँटच्या मुखवट्यातला असतो, त्याचं युनिकोड करायला हवं. हे काम अवघड नाही, किचकट आहे. प्रत्येक फाँटसाठी एक तक्ता करायचा, कुठली खूण म्हणजे कुठला आकार. पुढे खरी मजा. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, कारण ती तशी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार जुन्यात शेवटी, युनिकोडमध्ये र् आधी. शिवाय अर्धा 'ग' आणि पुढे उभी काठी मिळून पूर्ण 'ग' होतो, आणि तीच काठी पुन्हा आली की काना. म्हणजे यंत्राला ठरवता आलं पाहिजे की ही काठी अक्षर पुरं करायला आली आहे की काना म्हणून. बी.ई. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा हे करू शकतो. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम नावाचा तोच तो प्रोजेक्ट वर्षानुवर्षं झेरॉक्स करण्यापेक्षा हे केलं तर परीक्षकही जागे राहतील.

केरळमध्ये हे लोकांनी करून दाखवलं आहे. स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग हा स्वयंसेवकांचा गट २००२ पासून काम करतो. त्यांनी 'पय्यन्स' नावाचं रूपांतरक केलं, त्याची रचनाच अशी की प्रत्येक जुन्या फाँटचा तक्ता वेगळ्या फायलीत. नवा फाँट सापडला की नवा तक्ता लिहून जोडायचा. मराठीतही जालावर एकदोन प्रचलित फाँटसाठी रूपांतरकं सापडतात, नाही असं नाही. पण तुमचा फाँट त्या यादीत नसला की संपलं, आणि बऱ्याच ठिकाणी आतला तक्ता बघायची सोयही नसते. म्हणजे कुलूप उघडायच्या हत्यारालाच कुलूप!

इन्स्क्रिप्ट आठ दिवसांत शिका, हा सल्लाही असाच वरवरचा. पंचवीस वर्षं टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली बोटं सहजी वळत नाहीत, आणि माणसाचं पोट त्या वेगावर अवलंबून असतं. लिनक्सवर कीबोर्डची मांडणी साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेली असते. माणसाला बदलण्याऐवजी फाइल बदलता येते. "बघून बदला" हे कलम नेमकं याचसाठी आहे. ते स्लाइडवर वाचून दाखवायचं आणि समोर खरा प्रसंग आला की माणसालाच बदलायला सांगायचं, हे मला पटत नाही.

नगर जिल्ह्यात तर ही कल्पना समजवायला परदेशात जायची गरजच नाही. आपल्या भागात आधी साखर कारखाने होते ते खाजगी. हरेगावची बेलापूर कंपनी काय, आमच्या तालुक्यातली साकरवाडी काय. ऊस शेतकऱ्याचा, पण काटा, भाव आणि हिशेब मालकाचा. मग लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून स्वतःचा कारखाना काढला, १९५०-५१ च्या हंगामात त्याचं गळीत झालं. त्या लोकांना कोणी "साखर फुकट मिळेल" असं सांगितलं नव्हतं. उलट खिशातले पैसे मागितले होते. पटवलं ते एवढंच, की यंत्र आपल्या मालकीचं असेल तर भाव आपण ठरवू. हे ज्यांच्या आज्यांना १९५० मध्ये कळलं त्यांच्या नातवंडांना सोर्स कोड खुला असण्याचा मुद्दा कळणार नाही? स्लाइडवर कॅलिफोर्नियाचे फोटो टाकण्यापेक्षा गव्हाणीचा एक फोटो टाका, मागच्या रांगेतले काका ताठ बसतील.

आता कोणी म्हणेल, सहकाराचं पुढे काय झालं ते आम्हाला सांगू नको. वार्षिक सभेत "मंजूर, मंजूर" कसं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मान्य. आणि धोका नेमका तोच आहे. हक्क कागदावर असतो, सभेला जाऊन हिशेब मागणारे कमी असतात. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही लायसन हक्क देतं, पण कोड उघडून बघणारा गावात एकही नसेल तर तो हक्क शेअर सर्टिफिकेटसारखा कपाटात पडून राहतो. फरक एका बाबतीत आहे. कारखान्याचं संचालक मंडळ बिघडलं तर सभासद तोच कारखाना उचलून पलीकडच्या माळावर मांडू शकत नाही. इथे ते जमतं. ओरॅकलने २०१० मध्ये सन कंपनी घेतली आणि ओपनऑफिसचं काय होणार याची काळजी लागली, तेव्हा त्याच सप्टेंबरात काम करणाऱ्यांनी सगळा कोड घेऊन लिब्रेऑफिस नावाने वेगळी चूल मांडली. नाव तेवढं मागे राहिलं. असो, साखरेवर मी जास्त बोललो तर घरी जाता येणार नाही.

दुरुस्तीवाल्याकडे वळू. आपल्या मेळाव्यांमध्ये हा माणूस खलनायक असतो, 'पायरसी करणारा'. मला विचाराल तर प्रमुख पाहुणा तोच हवा. लोक स्प्लेंडर का घेतात? मायलेज हे एक, पण तिचा मिस्त्री कुठल्याही फाट्यावर मिळतो हे दुसरं. लिनक्स अवघड आहे म्हणून लोक घेत नाहीत हा आपला गैरसमज आहे. फोनवरचं अँड्रॉइड लिनक्सच्याच कर्नलवर चालतं आणि आमच्या आजीलाही चालवता येतं. लोक घेत नाहीत कारण ते बिघडल्यावर कोणाकडे जायचं हे माहीत नाही. दुरुस्तीवाल्याला ते टाकायला परवडत नाही, कारण व्हायरस आला नाही तर गिऱ्हाईक परत येत नाही. त्याच्या धंद्याचं हे गणित न सोडवता वर्षातून एकदा पेंग्विन वाटायचे, यातून काय निष्पन्न होणार? त्याला वार्षिक देखभालीचा करार शिकवा, शाळांची कामं मिळवून द्या. पैसे घेऊ द्या की! मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे सगळ्यात आधी त्यालाच कळलं पाहिजे.

आणि वेळ किती नेमकी होती! मेळावा २० सप्टेंबरला, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती वापरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली, तीही नोंदणी करून, खातं जोडून. विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. शाळेत, पतसंस्थेत, घराघरांत त्याआधीची किती यंत्रं आहेत ते मोजायला कोणी गेलेलं नाही, पण माझ्या ओळखीच्या चार ठिकाणी मिळून एकही ११ ला पात्र नव्हतं. चालू स्थितीतली यंत्रं. भंगारात घाला किंवा धोका पत्करून तशीच चालवा. परदेशात केडीई वगैरे मंडळींनी 'एंड ऑफ टेन' नावाने यावर मोहीम काढली होती, जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकून द्यायची. चार जीबी रॅमच्या यंत्रावर मिंट व्यवस्थित चालतं. त्या दिवशी मागच्या रांगेतल्या दोन शिक्षकांना एवढं एक सांगितलं असतं तरी दिवस सत्कारणी लागला असता. त्याऐवजी पाऊण तास लायसनांचे प्रकार.

सेवा केंद्रवाल्याला मात्र मी लिनक्स घे म्हणणार नाही. त्याचं अंगठ्याचं यंत्र आणि त्याबरोबर आलेला ड्रायव्हर विंडोजपुरता आहे, त्याच्या दारात सातबाऱ्यासाठी रांग असते. त्याला तत्त्वज्ञान ऐकवणं हा उद्धटपणा आहे. तिथे जाब विचारायचा तो सरकारला. केंद्राने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण काढलं, २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण काढलं. धोरण कागदावर आणि खिडकीत विंडोजच. आमच्या राज्यात सरकारी नोकरीसाठी म्हणून लाखो लोकांनी एमएस-सीआयटी केली. त्यातलं 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण अभ्यासात विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसचाच भरणा, त्यामुळे ते मायक्रोसॉफ्टचं आद्याक्षर आहे असं समजणारे मला कित्येक भेटले. त्यांना हसवत नाही. केरळने शाळांमधलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं ते आधी शिक्षकांना शिकवून आणि पुस्तकं त्याप्रमाणे बदलून. तिथे सरकार आणि स्वयंसेवक दोघांनीही ओढलं.

आपल्याकडे सामान नाही असंही नाही. पुण्यात रेड हॅटमधल्या लोकांनी मराठी भाषांतराचं आणि लोहित फाँटचं काम केलं. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' फाँट खुल्या परवान्याचा आहे, नावही काय समर्पक! आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत, इंटरनेट नसलं तरी उतरवून वापरता येतात. हिशेबासाठी आणि धंद्यासाठी ईआरपीनेक्स्ट मुंबईत घडलं आणि जगभर वापरतात. हे सगळं पुण्या-मुंबईहून कोपरगावच्या दुकानापर्यंत आणून, बसवून, बिघडलं तर सोमवारी सकाळी फोन उचलणारा माणूस नाही. तो मेळाव्याने तयार होत नाही.

हे मी आयोजकांपैकी एकाला चहा पिताना सांगितलं तर तो चिडला. "तुला पुण्यात बसून टीका करायला काय जातं? आम्ही निदान काहीतरी करतो. दोनशे पोरं आणून दाखव." दोनशे मला नकोतच. चार हवीत, जी दर महिन्याला येतील. आणि पुण्यात मी सोमवार ते शुक्रवारच असतो.

सध्या परिस्थिती अशी आहे. काकांच्या एका सीडीवरच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या. सत्तावीसपैकी बावीस उघडल्या, पाच सीडीच खराब असल्यामुळे गेल्या. त्यातल्या मुख्य फाँटचा तक्ता करतोय, एकशे नव्वदच्या आसपास खुणा आहेत. काठीचं गणित जुळलं. रफार अजून त्रास देतो. 'मूर्ती' बरोबर येतं, 'मर्त्य' आणि 'अर्घ्य' अडकतात, कारण र् किती घरं मागे न्यायचा ते जोडाक्षर ओळखल्याशिवाय ठरत नाही. एका देवस्थानच्या पुस्तिकेची पहिली आठ पानं युनिकोडमध्ये आली, काकांनी मोठ्याने वाचून तपासली आणि मूळ छपाईतल्याच तीन चुका काढल्या, त्या स्वतःच्याच निघाल्या.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला त्यांच्याच दुकानात बसायचं ठरलं आहे. पहिल्या वेळी आम्ही चौघं होतो, त्यात मेळाव्यातला प्रमाणपत्रवाला एक पोरगा होता. पुढच्या वेळी बसस्टँडजवळचा दुरुस्तीवालाही येतो म्हणाला आहे. त्याची एकच अट आहे, गिऱ्हाइकाचं विंडोज पुसायचं नाही, लिनक्स शेजारी टाकायचं. मान्य केली.